प्रुइट-आयगो फक्त आराखड्यामुळे पडलं का?

उंच इमारतींत गरिबांना राहायला दिलं की वस्ती बिघडते, असं म्हणताना हमखास एक पुरावा दिला जातो: अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचा प्रुइट-आयगो गृहप्रकल्प. अकरा मजल्यांच्या 33 इमारती, वास्तुविशारद मिनोरू यामासाकी. 1954 मध्ये लोक राहायला आले, 1972 मध्ये सुरुंग लावून पाडापाडी सुरू झाली. निष्कर्ष तयार: वास्तुरचनेने माणसं बिघडवली. याच आराखड्याला मोठा पुरस्कार मिळाल्याचंही सांगतात. तो मिळालेलाच नव्हता.

खरी गोम पैशात होती. बांधकामाला केंद्राचा पैसा, पण देखभाल भाड्यातून भागवायची. इकडे शहरच रिकामं होत होतं: 1950 साली साडेआठ लाखांवर असलेली लोकसंख्या 1970 पर्यंत सव्वासहा लाखांच्या आसपास आली. घरं रिकामी, म्हणून भाडं कमी, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून आणखी घरं रिकामी. त्यात कामधंदा करू शकणारा पुरुष घरात असला तर सरकारी मदत मिळत नसे, या नियमामुळे बापही अनेक घरांतून बाहेर पडले. 1969 मध्ये भाडेकरूंनी भाडं देणंच थांबवलं.

आराखडा मात्र निर्दोष नव्हता, हेही खरं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. उरलेले मजले जिन्याने गाठायचे, आणि तो जिना कुणाच्याच नजरेत नसलेला. शेजारच्या कार स्क्वेअर या कमी उंचीच्या वसाहतीत भाडेकरू तसेच गरीब, तरी घरं एवढी ओस पडली नाहीत. फक्त त्या जिन्यातला दिवा फुटल्यावर नवा बसवायलाही पैसे लागतात, आणि ते आराखड्यात काढता येत नाहीत.