कोल्हापूरहून अमेरिकेला गेलेलं एक पत्र

पोस्टात नोकरी करणाऱ्या एका माणसाने १८७८ मध्ये कोल्हापुरात बसून अमेरिकेला पत्र लिहिलं. त्याचं नाव गोपाळराव जोशी. बायकोला शिकवायचं आहे, त्यासाठी तिला घेऊन तुमच्या देशात यायचं आहे, तिथे मला काही काम मिळेल का, असा पत्राचा सरळ मतलब. बायको तेव्हा तेरा वर्षांची होती. आज आपण तिला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. तिची गोष्ट सांगताना बहुतेक जण कल्याणपासून सुरुवात करून एकदम फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात पोचतात, मधलं कोल्हापूर राहून जातं. मला ते खटकतं, कारण अमेरिकेची वाट या पत्राने उघडली.

गोपाळरावांनी पत्र पाठवलं ते रॉयल वाइल्डर यांना. हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि बरीच वर्षं इथे राहिले. पुढे मायदेशी परतून प्रिन्स्टनहून त्यांनी मिशनच्या कामाचं मासिक सुरू केलं. म्हणजे शहराची अमेरिकेशी ओळख होतीच. टपालाची वाटही सोपी झाली होती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता आणि १ जुलै १८७६ पासून हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला होता. पोस्टातल्या माणसाला हे सगळं आतून माहीत असणार. कोल्हापूरला रेल्वे यायला अजून तेरा वर्षं होती. मिरजेहून गाडी आली ती १८९१ मध्ये. तोवर टपाल निघायचं ते रस्त्यानेच.

गोपाळरावांच्या पत्राआधी आठच वर्षं, १८७० मध्ये, कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. आर्नो नदीकाठी जिथे दहन झालं तिथे आजही त्यांचं स्मारक उभं आहे. त्यांची प्रवासाची रोजनिशी दोन वर्षांत छापूनही आली. राजाच्या मागे लवाजमा होता, रोजनिशी संपादित करायला इंग्रज अधिकारी होता. पोस्टातल्या कारकुनाच्या हातात फक्त दौत, टाक आणि तिकिटाचे पैसे.

वाइल्डरांचं उत्तर निराशेचं होतं. आधी ख्रिस्ती व्हा, असा त्यांचा आग्रह. पण त्यांनी दोन्ही पत्रं मासिकात छापली, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत ती वाचली. त्यांनी आनंदीबाईंना लिहिलं. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. पुढची तीन वर्षं एकमेकींना न बघता हे नातं कागदावरच वाढलं. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत चढल्या, त्या या मावशीकडे जायला.

चरित्रात आनंदीबाई कर्तबगार दिसतात, गोपाळराव ध्येयवादी दिसतात. पत्रांत दोघं माणसं होतात. थंडीत नऊवारीने अंग पुरेसं झाकलं जात नाही म्हणून गुजराती पद्धतीने लुगडं नेसायचं का, हा प्रश्न घरी लिहून मांडावा लागण्याएवढा मोठा होता. गोपाळराव हजारो मैलांवरून टोचून लिहीत. त्यावर आनंदीबाईंनी एका पत्रात लहानपणी नवऱ्याकडून खाल्लेल्या माराचा हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्या, पुढे अंगावर भिरकावलेली पुस्तकं आणि खुर्च्या. माझं भलं झालं की वाईट, हे ठरवणं कठीण, असंही त्या त्याच पत्रात म्हणतात. कुठल्या दरबारी दप्तरात हे सापडणार?

याचा अर्थ दप्तरं कोरडी असतात असा नाही. पत्र तिथेही बोलतं. इंग्लंडात शिकत असताना डॉ. आंबेडकरांनी शाहू महाराजांना लिहिलेल्या पत्रांत पैशाची ओढाताण लपलेली नाही. पण राजाकडे आलेलं पत्र बांधून ठेवायला माणसं होती. आपल्या घरांत आलेलं कार्ड वाचून झालं की भिंतीवरच्या तारेला टोचायचं, तार भरली की सगळं बंबात. मोडी वाचता येणारी पिढी गेली तशी माळ्यावरची गाठोडी नुसते कागद झाली. आणि मयताचं कार्ड तर घरात ठेवायचंच नाही. त्यावर ‘श्री’ नसे, वाचलं की उंबऱ्याबाहेर फाडून टाकायचं. त्यामुळे घरात सर्वांत दुःखाची जी बातमी कागदावर आली, नेमका तोच कागद आपल्याकडे उरला नाही. आनंदीबाईंची पत्रं टिकली, त्यात अमेरिकेतल्या मावशीने ती जपली याचा मोठा वाटा आहे.

कोल्हापूरचा धागा शेवटी पुन्हा पत्रानेच जुळला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या आणि अमेरिकेत असतानाच त्यांना कोल्हापूर संस्थानाकडून बोलावणं आलं. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डाची प्रमुख डॉक्टर म्हणून या. आज ज्याला आपण सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणतो, तेच हे हॉस्पिटल. जिथून पत्र गेलं त्याच गावाने आठ वर्षांनी परत बोलावलं. त्यांनी होकार कळवला, पण क्षय त्यांच्यासोबतच बोटीतून आला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस.

गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेला मावशीकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी ठेवल्या.