प्रतिपिंडांवर प्रतिपिंडांचाच उतारा

डेंग्यूमुळे 'प्लेटलेट्स किती झाल्या?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. पण कधी ताप नसतानाही नडग्यांवर बारीक लाल ठिपके उठतात, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, पाळीत रक्तस्राव थांबता थांबत नाही. तपासणीत किमान दीड लाख हव्यात तिथे प्लेटलेट्स दहा हजार निघतात, बाकी रिपोर्ट मात्र व्यवस्थित! हा आजार बहुधा आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया हा प्लेटलेट्स घटण्याचा विकार असतो.

यामागचं कारण विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या जिवावर उदार होऊन शोधलं. अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये १९५० साली त्याने आयटीपीच्या एका रुग्ण स्त्रीचं रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट्स जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला झटकाही आला. आठवड्याभरात तो सावरला. प्लेटलेट्सचा नाश करणारं काहीतरी रुग्णाच्या रक्तातच आहे, हे त्यातून उघड झालं. ते म्हणजे प्रतिपिंडं. जंतूंशी लढायची ती स्वतःच्याच प्लेटलेट्सना चिकटतात, आणि अशा प्लेटलेट्स मुख्यतः प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. म्हणूनच प्लेटलेटच्या पिशव्या चढवून इथे फारसं टिकत नाही. नव्या आलेल्यांचीही तीच गत होते. जीवघेणा रक्तस्राव असेल तेव्हाच त्यांचा खरा उपयोग.

सुरुवात स्टेरॉइडने होते. ते बंद करताच आकडा पुन्हा घसरला, तर एक पर्याय रिटुक्सिमॅबचा. हे प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंड आहे, मूळचं लिम्फोमा या कर्करोगासाठीचं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची आधीची अवस्था म्हणजे बी-पेशी. त्यांच्यावरची सीडी२० ही खूण हेरून ते त्यांना नष्ट करतं. साधारणपणे आठवड्याला एक अशी चार सलाइनं दिली जातात. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये याची भारतीय आवृत्ती आणली.

निम्म्याहून अधिक प्रौढांना सुरुवातीला गुण येतो, पण पाच वर्षांनंतर तो टिकलेला दिसतो जेमतेम पाचांतल्या एकात. मला यातली खरी मेख वाटते ती अशी: प्रतिपिंडं प्रत्यक्ष बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतंच. त्या प्लीहेत, अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं तग धरून आपलं काम करत राहतात. म्हणून आता त्यांच्यावरच्या सीडी३८ या खुणेला धरणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या सुरू आहेत. एफगार्टिगिमॉडची वाट वेगळी. प्रतिपिंडाच्या तुकड्यापासून बनवलेलं हे औषध रक्तातल्या प्रतिपिंडांचा निचराच वाढवतं. आयटीपीसाठी जपानने त्याला २०२४ मध्ये मान्यता दिली.

रिटुक्सिमॅब सुचवलं असेल, तर पहिल्या सलाइनआधी हेपेटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. यकृतात दबून राहिलेला तो विषाणू या औषधानंतर उसळून जिवावर बेतू शकतो. लसीही शक्यतो आधीच घ्याव्यात, कारण बी-पेशी परत येईपर्यंत सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लशीचा फारसा उपयोग होत नाही.