गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

पाठ सोडत नाही अशा माणसाला आपण गोचीड म्हणतो, पण कुत्र्यांवर सगळ्यात जास्त दिसणारा तपकिरी गोचीड (शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, एकदा वाचा आणि सोडून द्या) आयुष्यातला बहुतेक वेळ कुत्र्यावर नसतोच! अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, काही दिवस रक्त पितं, खाली पडतं, कुठल्यातरी फटीत कात टाकून आठ पायांचं होतं, परत कुत्रा गाठतं, परत पितं, परत पडतं, परत कात, तेव्हा कुठे मोठा गोचीड. बाकी बऱ्याच गोचिडांना गवत-झाडी लागते, याला घर पुरतं. पोट भरलेली मादी टम्म फुगते, उतरून भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणून ते "कालच तर सगळे काढले होते, आज आले कुठून?" होतं. उपाशी मोठा गोचीड महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, भेगा, अंथरूण सगळंच बघावं लागतं.

आता हा गोचीड पसरवतो ते आजार. कुत्र्यांमधला मोठा म्हणजे एर्लिकिया, 1935 मध्ये अल्जीरियात पहिल्यांदा सापडलेला बॅक्टेरिया. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे बरेच कुत्रे यानेच गेले. आधी ताप, जेवण बंद, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली, मग कुत्रा बरा झाल्यासारखा वाटतो आणि हीच खरी फसवणूक, कारण जंतू आत तसाच असतो आणि काही कुत्र्यांमध्ये महिन्यांनी, वर्षांनी नाकातून रक्त वगैरे सुरू होतं. वेळेत कळलं तर डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने बरा होतो. बबेसिया हा दुसरा, रक्तातला परजीवी, तांबड्या पेशी फोडतो. हेपॅटोझून या आणखी एका परजीवीचं तर वेगळंच, तो चाव्यातून नाही, कुत्र्याने गोचीड चावून गिळला की होतो.

माणसाला हा गोचीड कमी चावतो, पण चावतो. भूमध्य समुद्राच्या आसपास याच्यामुळे पुरळ येणारा रिकेट्सिया नावाच्या बॅक्टेरियाचा ताप होतो, आणि अमेरिकेत ॲरिझोनामध्ये रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर हा तसलाच ताप यानेच पसरवला, तो तर जीवघेणा. लाइम हा गोचिडांमुळे होणारा आजार मात्र याच्या खात्यात टाकू नका, ते दुसऱ्या गोचिडांचं काम.

गोचीड काढताना काडीने चटका, तेल, व्हॅसलीन असले प्रयोग नकोत. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरायचा, न पिळता सरळ ओढायचा आणि बोटांनी चिरडायचा नाही, स्पिरिटमध्ये टाकायचा. नंतर काही दिवसांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरला गोचीड चावला होता हे आधी सांगा, ते विचारतीलच असं नाही.