तरंगता गोल जिना: भिंतीतला वेगळा, कण्यावरचा वेगळा

मोबाइलवरचा फोटो पुढे करून ‘असाच तरंगता गोल जिना पाहिजे’ असं सांगितलं जातं. फोटोतल्या पायऱ्या भिंतीतून निघालेल्या असतात. फॅब्रिकेटर कोटेशन देतो ते कण्यावरच्या जिन्याचं, म्हणजे पायऱ्यांच्या मधोमध खालून वळत जाणाऱ्या एकाच लोखंडी बीमवरच्या जिन्याचं. दोन्हीला ‘फ्लोटिंग’ म्हणतात, दोन्ही वळतात, दोन्हींत पायरीखालून आरपार दिसतं, म्हणून दोन्ही एकच असं धरून चालतात. मग भिंतीचा जिना कण्याच्या हिशोबाने बांधला जातो आणि कण्याचा भिंतीच्या. मधोमध खांब असला तर तो चक्री जिना. गच्चीवरच्या टाकीकडे जायला तो ठीक आहे, इथे त्याचा संबंध नाही.

भिंतीतला जिना मराठवाड्यात फार समजावून सांगावा लागत नाही. जुन्या गोल विहिरीत बांधकामातून बाहेर आलेल्या लांब दगडांवरून खाली उतरतात, तोच हा. प्रत्येक पायरी म्हणजे एक सुटा छज्जा. आयएस ८७५ हे इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक अशा पायरीच्या मोकळ्या टोकावर १.३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १३० किलो धरायला सांगतं. पायरी ९०० मिमी बाहेर आणि ९ इंची भिंतीत पूर्ण घुसलेली असेल, तर त्या १३० किलोंमुळे आतल्या टोकाला ८०० किलोंच्या आसपास उचल बसते. ती दाबून धरायला वर भिंतीचं वजन लागतं. म्हणून ४ इंची भिंत बाद, हलके एएसी ब्लॉक बाद. गच्चीकडच्या शेवटच्या चार पायऱ्यांवर नुसता कठडाच उरतो, तिथे विटांची भिंतही बाद. माळवदाच्या वाड्याची मातीत बांधलेली जाड दगडी भिंत दणकट दिसते, पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत अशाच भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटून घरं बसली. तिला भोकं पाडून केमिकलने गज चिकटवू म्हणणाऱ्याला भिंतीत आरपार दगड कुठे कुठे आहेत ते आधी दाखवायला सांगा. सरळ मार्ग एकच: गोल आरसीसी भिंत आणि तिच्यातूनच निघालेल्या पायऱ्या. मुख्य सळई पायरीच्या वरच्या अंगाला हवी. बार बेंडरचा हात सवयीने खाली जातो. वर बांधलेली सळईही ओतताना कुणी तिच्यावर पाय दिला की खाली बसते, म्हणून तिच्याखाली चेअर, म्हणजे तिला उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे तुकडे, ठेवायच्या. भिंतीतल्या जिन्याचं एवढं पुरे.

खरा घोटाळा कण्यात आहे. ‘सरळ जिन्याचा बीम असतो, तोच रोलिंगला देऊन वाकवायचा’ हे वाक्य ऐकलं की पुढचं सगळं कळतं. बादलीची कडी काढून आडवी धरा, दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत. मधे कुणी नुसतं बोट टेकवलं की कडी गर्रकन खाली फिरते. सरळ काठीला असं होत नाही, कारण काठीचा मध्य दोन हातांना जोडणाऱ्या रेषेवरच असतो. कडीचा मध्य त्या रेषेबाहेर असतो. गोल कण्याचंही तसंच. वजन त्याला नुसतं वाकवत नाही, पिळतं, आणि टोकं घट्ट धरलेली नसतील तर अख्खा जिना पालथा व्हायला बघतो.

आकडे घालून बघू. फरशी ते फरशी ३१५० मिमी उंची, म्हणजे १७५ मिमीच्या १८ चढत्या आणि १७ पायऱ्या. आतली त्रिज्या ९००, बाहेरची १८००, कणा मधोमध १३५० वर. चालण्याच्या रेषेवर पाऊल, म्हणजे पाय ठेवायची जागा, २५० मिमी धरलं तर १७ पायऱ्यांत बरोबर अर्धं वर्तुळ होतं. आतल्या कडेला पाऊल १६६ मिमी उरतं, बाहेरच्या कडेला ३३३. जिन्याचं आडवं क्षेत्रफळ ३.८ चौ.मी., त्यावर चौ.मी.ला ३०० किलोंनी साडेअकराशे किलो, आणि लोखंड-लाकडाचे सहाएकशे. अर्धवर्तुळाचा वजनमध्य टोकांच्या रेषेपासून ८६० मिमी बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक टोकाला साडेसातशे किलो एक मीटर लांब पान्याला टांगावेत, तेवढा उलटवणारा जोर. हा ढोबळ अंदाज आहे, डिझाइन नव्हे. पण कणा कितीही जाड केला तरी टोकांवरचा हा जोर टळत नाही.

म्हणून सेक्शन बंद हवा: बॉक्स किंवा गोल पाइप. २०० मिमीचा आय-बीम (इंग्रजी I च्या आकाराचा, उघडा) आणि २००×२००×८ चा बॉक्स यांची उंची सारखीच, पण पिळाला बॉक्स शेकडो पट ताठ. आय-बीमचा गोल जिना पडेलच असं नाही, पण बाहेरच्या कडेला पाय दिला की पायरी कलते आणि काचेचा कठडा कुरकुरतो. दोन चॅनल समोरासमोर ठेवून फूटभर अंतराने टाके मारले की बॉक्स झाला, हाही भ्रमच. दोन्ही शिवणी सलग वेल्ड झाल्या तरच तो बॉक्स. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक भागातल्या शॉपमध्ये प्लेट प्लाझ्मावर कापून, बाजूच्या पट्ट्या रोल करून चारी बाजूंनी वेल्ड केलेला कणा करून घेता येतो. सरळ तुकडे कोनात जोडून केलेल्या कण्याला प्रत्येक सांध्यात धारेला उतार देऊन पूर्ण खोलीचं वेल्ड लागतं. वरवर भरलेलं वेल्ड ग्राइंडरने गुळगुळीत केलं की ताकदच घासून जाते, आणि वर पुट्टी मारल्यावर ते कुणाला दिसतही नाही.

आता टोकं. खालची बेसप्लेट फरशी-पीसीसीवर (फरशीखालचं बिनसळईचं काँक्रीट) चार फास्टनर मारून बसवणं हे सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात वाईट काम. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जिना खालच्या टोकाला जरा सरकला की वरच्या स्लॅबपाशी तडा दिसतो आणि दोष प्लास्टरवाल्याला लागतो. मुरूम लागेपर्यंत खोदून आरसीसीचा ठोकळा ओता, अँकर बोल्ट त्यातच साच्याने धरून ठेवा, आणि तो ठोकळा प्लिंथ बीमला (जोत्याच्या बीमला) बांधा. वरचं टोक ५ इंची स्लॅबच्या कडेला टांगायचं नाही. तिथे बीम हवा, शक्यतो कॉलमजवळ, आणि मागे सळया वेल्ड केलेली इन्सर्ट प्लेट स्लॅब पडायच्या आधी शटरिंगमध्ये बसलेली हवी.

पायरी लाकडाची की ग्रॅनाइटची, याची चर्चा महिनाभर चालते. आवडेल ती घ्या. फक्त ग्रॅनाइट नुसता टांगू नका, खाली लोखंडी ट्रे द्या. पायऱ्यांमधली मोकळी फट १०० मिमीच्या वर जाऊ देऊ नका. १७५ च्या चढतीला ५० मिमीची पायरी असेल तर फट १२५ उरते, लहान मूल डोकं घालतं. पायरी ७५ ची करा किंवा खाली एक पट्टी लावा. कठड्याच्या काचेचं माप जिना बसल्यावरच घ्या, ड्रॉइंगवरून नाही.

नवीन घर असेल आणि गोल भिंत तशीही बांधायची असेल तर भिंतीतला जिना घ्यावा. तो स्थानिक मिस्त्री नीट करतो. हॉलच्या मधोमध मोकळा जिना हवा असेल तरच कणा, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरने पिळाचा आणि टोकांचा हिशोब कागदावर दिल्यावर. इन्सर्ट प्लेट न टाकताच स्लॅब पडून गेला असेल, तर वरच्या लँडिंगखाली इंजिनिअरने पिळाचा हिशोब करून दिलेला एक स्टीलचा कॉलम स्वतंत्र फुटिंगवर उभा करा आणि कण्याचं वरचं टोक त्या कॉलमला पूर्ण वेल्ड करा. टोक नुसतं टेकवलं तर कॉलम वजन उचलेल, पीळ धरणार नाही. फोटोत तो कॉलम नव्हता, हे खरं.