विकास-प्रभाव शुल्क

नव्या बांधकामामुळे रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, उद्याने, अग्निशमन अशा सार्वजनिक सुविधांवर वाढीव भार पडतो. तो पेलण्यासाठी लागणाऱ्या भांडवली खर्चाचा वाटा म्हणून स्थानिक संस्था विकासकाकडून जी एकरकमी रक्कम घेते, तिला विकास-प्रभाव शुल्क म्हणतात. ते बहुधा बांधकाम परवान्याच्या किंवा भोगवट्याच्या वेळी वसूल होते. देखभाल, दुरुस्ती किंवा पगार यांवर ते सामान्यतः खर्च करता येत नाही, आणि करापासून त्याचे वेगळेपण मुख्यतः या बंधनातच आहे.

ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रुजली. १९७६ मध्ये फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डनीडिन शहराच्या पाणी व मलनिस्सारण जोडणी शुल्काच्या खटल्यात असे शुल्क तत्त्वतः मान्य केले. मात्र जमा पैसा केवळ विस्तारासाठीच वापरण्याचे बंधन शहराच्या नियमात नव्हते, म्हणून तो नियम टिकला नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मतदारांनी मंजूर केलेल्या ‘तेराव्या प्रस्तावा’ने मालमत्ता कराला वेसण घातली आणि तेथील नगरपालिका या शुल्काकडे अधिकाधिक वळल्या. टेक्सासने १९८७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

दर ठरवण्याचा पाया म्हणजे नव्या बांधकामाचा सुविधेच्या गरजेशी असलेला दुवा आकड्यांत दाखवणारा अभ्यास. समजा, १०,००० वस्तीच्या गावात २० हेक्टर उद्याने आहेत, म्हणजे माणशी २० चौरस मीटर. नव्या घरात सरासरी २.५ माणसे राहणार असतील, तर त्या घराचा वाटा ५० चौरस मीटर उद्यानाचा होतो आणि तेवढ्या जागेची किंमत व ती विकसित करण्याचा खर्च मिळून शुल्काची कमाल मर्यादा ठरते. गावाला हे प्रमाण माणशी ३० चौरस मीटरवर न्यायचे असेल, तर जुन्या रहिवाशांच्या वाट्याची तूट नव्या घरांच्या माथी मारता येत नाही. ती अन्य निधीतून भरून काढावी लागते. व्यवहारात सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर होतात, कारण आधीची उणीव आणि वाढीची गरज एकाच रस्त्यात किंवा एकाच जलवाहिनीत मिसळलेली असते. शुल्कातून करायच्या कामांच्या यादीतला रस्ता विकासकाने स्वतःच बांधून दिला, तर त्याला शुल्कात सहसा तेवढी वजावट मिळते.

दर अद्ययावत ठेवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. बांधकाम खर्चाच्या निर्देशांकानुसार दरवर्षी दर वाढवणे सोपे असते. परंतु त्याने फक्त किंमत बदलते, मूळ गृहीतके तशीच राहतात. लोकसंख्येचा अंदाज चुकला, एखादा प्रकल्प पूर्ण झाला किंवा रद्द झाला, तर निर्देशांक कितीही अचूक असला तरी शुल्क चुकीच्याच हिशेबावर वाढत जाते. म्हणून काही राज्यांनी फेरअभ्यासाची मुदत घालून दिली आहे: टेक्सासमध्ये साधारण ५ वर्षे, तर कॅलिफोर्नियात २०२१ च्या कायद्यानुसार ८ वर्षे. त्याच कायद्याने घरांवरील शुल्क सामान्यतः क्षेत्रफळाच्या प्रमाणात आकारण्यास सांगितले, कारण सरसकट दरात लहान घराला मोठ्या बंगल्याइतकाच भार उचलावा लागत असे. फ्लॉरिडाने २०२१ मध्ये विकासकाच्या बाजूने विचार केला आणि असाधारण परिस्थिती वगळता वाढ ५० टक्क्यांपुरती मर्यादित करून ती टप्प्याटप्प्याने लागू करण्याची अट घातली.

जमा रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. कॅलिफोर्नियात शिल्लक रक्कम कशासाठी राखली आहे याचा खुलासा दर ५ वर्षांनी करावा लागतो. तो न केल्यास परतावा देण्याची वेळ येऊ शकते.

परवान्याच्या बदल्यात लादलेली अट प्रकल्पाच्या परिणामाशी संबंधित हवी, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या नोलन खटल्यात मांडले, तर ती त्या परिणामाच्या ढोबळ प्रमाणात हवी, हे १९९४ च्या डोलन खटल्यात. हे निकष पैशाच्या मागणीलाही लागू होतात, असे २०१३ मध्ये ठरले. पुढे कॅलिफोर्नियातील एल डोराडो परगण्यात कारखान्यात तयार केलेल्या एका घरासाठी मागितलेल्या २३,४२० डॉलरच्या वाहतूक शुल्कावरील खटल्यात, दर विधिमंडळाने किंवा स्थानिक मंडळाने ठरवला एवढ्याच कारणाने त्याला या तपासणीतून सूट मिळत नाही, असा एकमुखी निर्णय २०२४ मध्ये झाला. एका वर्गातील सर्व बांधकामांना लागू होणाऱ्या दरपत्रकाची छाननी प्रत्येक घरापुरती तितकीच बारकाईने करावी का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने त्या वेळी खुला ठेवला.