सराव घेणारा खेळ आणि शिकवणारा खेळ

मुलांचे दोन मोबाइल खेळ शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात: तीच रंगीत पात्रं, त्याच टाळ्या, त्याच चांदण्या. पण एक खेळ शिकवत असतो, दुसरा फक्त सराव घेत असतो. समजावून सांगणारं कुणी जवळ असेल तर सरावाच्या खेळानंही भागतं. जिथे शाळा नाही आणि आईवडिलांनाही वाचता येत नाही, तिथे मात्र भागत नाही.

फरक ओळखायचा तर मुद्दाम चुकीचं उत्तर द्यावं. समजा पडद्यावर घ, ध आणि म आहेत, आवाज येतो ‘ध’ आणि मूल घ दाबतं. सरावाचा खेळ फुली दाखवून पुढच्या प्रश्नावर जातो. चुकलं हे मुलाला कळतं, काय चुकलं ते नाही. शिवाय तीन पर्यायांत डोळे मिटून बोट मारलं तरी तिनातलं एक उत्तर बरोबर येतंच आणि चांदण्या जमत राहतात! पालक खूश, मूल खूश, ध आहे तिथेच. शिकवणारा खेळ या चुकीपाशी थांबतो. ध पुन्हा ऐकवतो, बोटानं गिरवून घेतो, घ काही वेळ बाजूला ठेवतो. ध पक्का झाला की मगच दोघांना समोरासमोर आणतो.

शिक्षकाशिवाय हे कितपत जमतं, ते ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या स्पर्धेत टांझानियातल्या खेड्यांमध्ये पाहिलं गेलं. टॅब्लेटवरून स्वाहिली वाचन-लेखन आणि गणित शिकवायचं होतं. २०१९ मध्ये किटकिट स्कूल आणि वनबिलियन या दोन संघांना १ कोटी डॉलरचं बक्षीस विभागून मिळालं.

सरावाचे खेळ टाकाऊ नाहीत. पाढे, जोडाक्षरं एकदा समजली की घोटून घ्यायला ते उत्तमच. फक्त सूचना ऐकू येतात की वाचाव्या लागतात, ते आधी पाहावं. वाचाव्या लागत असतील तर नुकतं अक्षर ओळखू लागलेलं मूल खेळ सुरूच करू शकणार नाही.

शिकवणाऱ्या खेळात आणखी एक गोष्ट तपासावी. घरातल्या एकाच फोनवर दोन-तीन भावंडं खेळणार असतील तर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडता यायला हवं. नाहीतर मोठीच्या उत्तरांवरून खेळ पातळी वाढवत जातो आणि धाकट्याला ध कळायच्या आत वाक्यं समोर येतात.