‘ट्रेलर पार्क’च्या मागचा प्रतिध्वनी

बेथ ऑर्टन या इंग्रज गायिकेचा ‘ट्रेलर पार्क’ हा अल्बम १९९६ साली आला. पुढे त्याला ‘फोकट्रॉनिका’ हे नाव चिकटलं. लोकसंगीत आणि यंत्राचा ठेका यांची मोट बांधली, एवढंच त्या नावातून कळतं, म्हणून मला ते कायम अपुरं वाटत आलंय. ही जोडी काही १९९६ मध्ये जमलेली नाही. तिचा धागा पंचवीसेक वर्षं मागे, जॉन मार्टिनच्या गिटारपर्यंत जातो.

मार्टिन ब्रिटनमधल्या लोकसंगीताच्या क्लबांतून वर आलेला. १९७० च्या सुमारास त्याने गिटारला एकोप्लेक्स नावाची पेटी जोडली. या पेटीत चुंबकीय फितीचं वेटोळं फिरतं. वाजवलेला सूर फितीवर उमटतो, क्षणभराने परत ऐकू येतो, पुन्हा उमटतो, पुन्हा येतो आणि प्रत्येक फेरीत थोडा झिजतो. आठवणी अशाच तर येतात! परतणाऱ्या सुरांच्या फटींत मार्टिन नवे सूर पेरत जायचा आणि एकट्याने चारचौघांचं वादन उभं करायचा. मधल्या काळात तो जमैकाला जाऊन ली ‘स्क्रॅच’ पेरीला भेटला. पेरी हा डब या संगीतप्रकाराचा उस्ताद. गाण्यातले आवाज काढून घ्यायचे आणि उरलेल्या पोकळीत प्रतिध्वनी सोडायचा, ही डबची रीत. १९७७ च्या ‘वन वर्ल्ड’ या अल्बममधलं शेवटचं गाणं ‘स्मॉल अवर्स’ मार्टिनने रात्री, बर्कशरमधल्या एका तळ्याकाठी, उघड्यावर ध्वनिमुद्रित केलं. गिटारचा आवाज पाण्यावर पसरतो, मागे पाणपक्षी ओरडतात, खाली ठेक्याचं यंत्र हळू टिकटिकत राहतं. काही मिनिटांनी यातलं यंत्राचं काय आणि रात्रीचं काय, हे वेगळं काढता येत नाही.

मग १९८८ च्या आसपास ब्रिटनमध्ये ॲसिड हाउस या यंत्रावरच्या नाचगाण्याची लाट आली. रात्रभर नाचून परतलेल्यांना पहाटे काहीतरी शांत ऐकायला हवं असायचं. ऑर्टन याच पिढीची. निर्माता विल्यम ऑर्बिटबरोबर तिने १९९२ मध्ये ‘स्पिल’ या नावाने पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते मार्टिनच्याच गाण्याचं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या वर्षी या दोघांचा अल्बम फक्त जपानमध्ये निघाला. १९९५ मध्ये ती केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या जोडीच्या पहिल्या अल्बममध्ये गायली.

‘ट्रेलर पार्क’ सुरू होतो ‘शी क्राइज युअर नेम’ने. हे गाणं त्या जपानी अल्बममध्ये होतं, ऑर्बिटच्या स्वतःच्या अल्बममध्येही येऊन गेलं होतं. इथे ते गिटार, अली फ्रेंडचा डबल बास आणि तंतुवाद्यं घेऊन परत आलं. ऑर्टनचा आवाज किंचित चिरकतो, शब्दाच्या टोकाशी थकतो, आणि तो दुरुस्त करायचा मोह कुणालाही झालेला नाही. ती अकरा वर्षांची असताना वडील गेले, एकोणिसाव्या वर्षी आई गेली. या गाण्यांतली हुरहूर गोड वाटली तरी ती कुठून येते, हे लक्षात ठेवून ऐकावं.

बहुतेक गाण्यांची निर्मिती व्हिक्टर व्हॅन वुग्टची; तीन मात्र अँड्र्यू वेदरॉलकडे गेली. वेदरॉल क्लबांतला डीजे आणि डबचा निस्सीम प्रेमी. शेवटचं ‘गॅलेक्सी ऑफ एम्प्टीनेस’ त्याचंच, जवळपास दहा मिनिटांचं. तिथे तो बास संथ सोडतो, सुरांमध्ये भरपूर जागा ठेवतो आणि ऑर्टनचा आवाज त्या जागेत एकटा फिरू देतो.